स्थानिक गट, मदत संस्था की कंपनी? सामूहिक नकाशाकामाच्या तीन व्यवस्थांचा तुलनात्मक आढावा

उपग्रहचित्रात एक तपकिरी रेघ दिसते. हजारो किलोमीटर दूर बसलेला स्वयंसेवक ती पाहतो. डांबर दिसत नाही, दोन्ही बाजूंना शेते आहेत, म्हणून तो तिला शेतरस्त्याचा टॅग, म्हणजे प्रकार सांगणारी खूण, लावतो आणि पुढच्या चौकोनाकडे वळतो. त्या रेघेवरून रोज ये-जा करणाऱ्या माणसाला मात्र ठाऊक असते की चार गावांना बाजाराशी आणि दवाखान्याशी जोडणारा तोच एकमेव रस्ता आहे, म्हणून तो त्याचा वर्ग वाढवतो. आठवड्याभरात तिसराच कोणी तपासणी करताना रस्ता पुन्हा खालच्या वर्गात टाकतो आणि सोबत एक ओळ लिहितो: ‘सूचनांप्रमाणे दुरुस्त केले.’ सूचना कोणी लिहिल्या, कोणत्या प्रदेशातले रस्ते डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्या आणि त्या बदलायच्या तर कोणाला सांगायचे, याचा त्या ओळीत पत्ता नसतो.

देशांच्या सीमांवरून होणारे नकाशाचे वाद गाजतात. स्थानिक गट मात्र खचतात ते अशा रस्त्यांवरून. एखाद्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी, सायकलस्वारांनी किंवा आपत्तीच्या कामात उतरणाऱ्या स्वयंसेवकांनी आपल्या भागाचा नकाशा करायचे ठरवले, पण तो कोणाच्या छताखाली करायचा हे अजून ठरवले नाही, तर त्यांच्यापुढे साधारण तीन वाटा असतात. पहिली वाट ओपनस्ट्रीटमॅपसारख्या खुल्या सामायिक नकाशात स्वतंत्र गट म्हणून काम करण्याची. दुसरी, एखाद्या मदत संस्थेने आखलेल्या मोहिमेत सामील होण्याची. तिसरी, वेझ या चालकांना रस्ता दाखवणाऱ्या ॲपसारख्या कंपनीच्या नकाशात स्वयंसेवी संपादक होण्याची. हा आढावा अशा गटांसाठी आहे.

तुलना करताना प्रत्येकाचे ध्येयवाक्य बाजूला ठेवावे, कारण ‘स्थानिक समुदाय आमच्या केंद्रस्थानी आहे’ हे तिन्ही ठिकाणी लिहिलेले सापडते. त्याऐवजी तीन प्रश्न विचारावेत. आपली नोंद कोण उलटवू शकतो? ती उलटवली गेली तर दाद कोणाकडे मागायची? आणि काहीच पटले नाही, तर तोवर केलेले काम घेऊन बाहेर पडता येते का? माझ्या अनुभवात तिसरा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो, आणि पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे त्यावरच अवलंबून असतात. ज्याला काम घेऊन निघून जाता येते, त्याचे ऐकून घेणे केंद्राला भाग पडते.

ओपनस्ट्रीटमॅप: ढिले केंद्र आणि त्याची खरी जागा

स्टीव्ह कोस्ट यांनी २००४ मध्ये ब्रिटनमध्ये हा प्रकल्प सुरू केला, त्या वेळी तिथला सरकारी नकाशा जनतेच्या पैशातून तयार होत असूनही जनतेला मुक्तपणे वापरता येत नव्हता. २००६ मध्ये ओपनस्ट्रीटमॅप फाउंडेशन स्थापन झाले. सर्व्हर, डोमेन, बोधचिन्ह आणि कायदेशीर बाबी फाउंडेशनकडे आहेत. मात्र नकाशात काय असावे हे आपण ठरवत नाही, आपण प्रकल्पाला आधार देतो, त्यावर नियंत्रण ठेवत नाही, अशी त्याची जाहीर भूमिका आहे. सात जणांचे संचालक मंडळ सदस्यांच्या मतांनी निवडले जाते आणि रोजचे काम स्वयंसेवकांचे कार्यगट पाहतात.

व्यवहारात याचा अर्थ असा की तुमच्या गटातील नवख्या मुलीने आज दुपारी जोडलेला पूल कोणाच्याही पूर्वपरवानगीशिवाय नकाशात जातो, आणि तितक्याच सहजतेने दुसरा कोणीही तो काढू शकतो. प्रत्येक बदलामागे कोणाचे खाते होते, कोणत्या तारखेला आणि कोणत्या आधारावर तो झाला, हे सर्वांना दिसते. बदलांच्या प्रत्येक संचाखाली, म्हणजे चेंजसेटखाली, चर्चा करता येते आणि निम्म्याहून अधिक गैरसमज तिथेच मिटतात. मी स्वतः एका आपत्तीनंतरच्या कामात उपग्रहचित्रातले नीटनेटके आयत घरे म्हणून रेखाटले होते. दोन दिवसांनी त्या भागातील एका मॅपरने चेंजसेटखाली अत्यंत सभ्य भाषेत लिहिले की या विटांच्या थप्प्या आहेत, पुढच्या महिन्यात त्या इथे नसतील. चाळीस ‘घरे’ मी त्याच रात्री पुसली. त्याला कोणाचीही परवानगी घ्यावी लागली नाही आणि मलाही नाही.

चर्चेने न मिटणारे वाद फाउंडेशनच्या डेटा वर्किंग ग्रुप या कार्यगटाकडे जातात. या गटाचे सर्वांत सौम्य हत्यार लक्षात ठेवण्यासारखे आहे: शून्य तासांची बंदी. ती बसली की खातेदाराला पुढचे संपादन करण्यापूर्वी लॉगिन करून एक संदेश वाचावा लागतो. संदेश वाचला की बंदी संपते. ज्याने महिनाभर एकाही टिप्पणीला उत्तर दिलेले नाही, त्याच्याशी बोलणे सुरू करण्याचा हा मार्ग आहे. त्यापुढे दिवसांच्या बंद्या आणि घाऊक उलटफेर येतात.

स्थानिकांच्या बाजूने झुकणारा येथील सर्वांत मोठा नियम म्हणजे जमिनीवर जे आहे ते नकाशावर. पाटीवर जे नाव आहे आणि लोक जे नाव वापरतात ते नोंदवायचे. कागदावर मंजूर झालेला पण न बांधलेला रस्ता नोंदवायचा नाही. ब्रुसेल्समध्ये रस्त्यांच्या पाट्या फ्रेंच आणि डच अशा दोन्ही भाषांत असतात, म्हणून तेथील मॅपर मुख्य नावातच दोन्ही नावे लिहितात. हा संकेत तेथील लोकांनी ठरवला आणि जगभरच्या मॅपरांनी तो मान्य केला.

क्रिमियाच्या बाबतीत याच नियमाची कसोटी लागली. २०१४ मध्ये दोन्ही बाजूंचे संपादक सीमारेषा इकडून तिकडे ओढू लागल्यावर डेटा वर्किंग ग्रुपने तो भूभाग दोन्ही देशांच्या सीमांत ठेवण्याची तात्पुरती तडजोड केली. नोव्हेंबर २०१८ मध्ये गटाने तो फक्त युक्रेनमध्ये दाखवण्याचा निर्णय घेतला. त्यावर अपील झाले आणि डिसेंबरमध्ये संचालक मंडळाने तो निर्णय फिरवला. कोणाचे बरोबर होते यावर आजही मतभेद आहेत आणि या आढाव्याला त्यात शिरण्याची गरज नाही. निवड करणाऱ्याने एवढेच टिपावे की इथे निर्णय देणारा एक गट होता, त्याच्यावर अपील ऐकणारे दुसरे मंडळ होते, आणि सारे काही नाव-तारखेसह सर्वांसमोर झाले.

मात्र केंद्र ढिले आहे म्हणून ते नाहीच, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. ते वेगळ्या जागी बसलेले आहे. कोणताही टॅग वापरण्याची मुभा प्रत्येकाला आहे, प्रकल्पाच्या विकीवर, म्हणजे कोणालाही लिहिता येणाऱ्या माहितीपानांवर, प्रस्ताव मांडून त्यावर मतदानही घेता येते. पण नवखा मॅपर विकी वाचत नाही. तो संपादनाच्या संगणकप्रणालीत दिसणाऱ्या यादीतून एक पर्याय निवडतो. ती यादी कोणी रचली आणि मुख्य संकेतस्थळाचा नकाशा कोणत्या गोष्टी रंगवतो, हे ठरवणारे लोक मोजकेच असतात आणि ते संगणकप्रणाली सांभाळतात म्हणून त्यांच्याकडे ती सत्ता आलेली असते. एखाद्या प्रदेशातील पाणवठ्याचा विशिष्ट प्रकार त्या यादीत नसेल, तर तो नकाशातही अपवादानेच येतो. रस्त्यांचे वर्ग तर मुळात ब्रिटिश पद्धतीवरून घेतलेले आहेत. डांबर नसलेल्या पण महत्त्वाच्या रस्त्यांचे काय करायचे, यासाठी आफ्रिकेतील मॅपरांना स्वतंत्र संकेत तयार करावे लागले. रस्त्याचा वर्ग त्याच्या पृष्ठभागावरून नव्हे, तर तो कोणाला कशाशी जोडतो यावरून ठरवावा, हे त्यांचे सूत्र आहे. सुरुवातीच्या तपकिरी रेघेवरचा उपाय तोच, पण तो दूरच्या तपासनीसापर्यंत पोहोचवण्याचे काम स्थानिकांनाच करावे लागते.

स्थानिक वाढीला मारक ठरणारी आणखी एक गोष्ट म्हणजे घाऊक इम्पोर्ट, म्हणजे बाहेरचा तयार डेटा एकदम नकाशात भरणे. अमेरिकेत २००७-०८ मध्ये जनगणना खात्याचा रस्त्यांचा डेटा एका दमात नकाशात ओतला गेला. नकाशा भरलेला दिसू लागला, पण रेघा जागा सोडून होत्या, पुढची कित्येक वर्षे लोक त्याच सरळ करत राहिले, आणि कोरा नकाशा पाहून जी हुरूप येते ती तिथल्या नवख्यांना मिळालीच नाही, असे मानणारे अनेक जुने मॅपर आहेत. त्यानंतर इम्पोर्टपूर्वी स्थानिक समुदायाशी चर्चा करण्याचा नियम घट्ट झाला. हा नियम कटकटीचा वाटतो, विशेषतः हाती सरकारी डेटा आयता आलेला असतो तेव्हा. तरी तो तुमच्या बाजूचा आहे हे ध्यानात ठेवावे.

आता बाहेर पडण्याचा प्रश्न. संपूर्ण जगाचा डेटा एका फाइलमध्ये दर आठवड्याला प्रसिद्ध होतो आणि तो कोणीही उतरवून घेऊ शकतो. १२ सप्टेंबर २०१२ रोजी प्रकल्पाने आपला परवाना, म्हणजे डेटा वापरण्याच्या अटी, बदलला, त्याआधी ज्यांनी संमती दिली नाही त्यांच्या नोंदी काढून टाकण्यात आल्या. ऑस्ट्रेलिया आणि पोलंडमध्ये त्याचा फटका अधिक बसला. वर्षानुवर्षे केलेले रस्ते एका बॉटने, म्हणजे स्वयंचलित प्रणालीने, पुसलेले पाहणे काय असते, याची कल्पना मॅपरलाच येईल. नाराजांनी जुन्या परवान्याखाली डेटाची प्रत घेऊन एफओएसएम हा वेगळा नकाशा चालू केला. तो फार चालला नाही, कारण प्रत घेता आली तरी माणसे सोबत नेता येत नाहीत. तरीही परवानाबदलाच्या त्या प्रक्रियेतून एक ठोस गोष्ट घडली: आजच्या योगदानाच्या अटींनुसार पुढचा परवानाबदल सक्रिय योगदानकर्त्यांच्या दोन तृतीयांश बहुमताशिवाय होऊ शकत नाही, आणि नवा परवानाही मुक्त आणि खुलाच असावा लागतो. गेल्या बारा महिन्यांपैकी कोणत्याही तीन महिन्यांत ज्याने संपादन केले आणि विचारणा झाल्यावर तीन आठवड्यांत उत्तर दिले, तो सक्रिय. केंद्राचे हात याहून स्पष्टपणे बांधणारे कलम दुसऱ्या दोन व्यवस्थांत मला सापडलेले नाही.

मताधिकाराबाबत मात्र सावध असावे. नकाशात संपादन केल्याने फाउंडेशनचे सदस्यत्व आपोआप मिळत नाही. शुल्क वर्षाला १५ पौंड आहे. वर्षभरात किमान ४२ दिवस मॅपिंग करणाऱ्याला ते विनाशुल्क मिळू शकते, पण अर्ज करावा लागतो. २०१८ च्या निवडणुकीआधी एकाच कंपनीशी संबंधित शंभरच्या आसपास अर्ज अगदी अखेरच्या घटकेला आले आणि सदस्यत्व पाहणाऱ्या कार्यगटाला त्याची चौकशी करावी लागली. मतदार थोडे असले की शंभर मतांना किती वजन येते, हे त्यातून कळावे. स्थानिक गटांनी अर्ज न करता केंद्रावर टीका करत राहण्याची सवय मला तरी परवडणारी वाटत नाही.

मदतकार्याचे नकाशे

१२ जानेवारी २०१० रोजी हैतीत भूकंप झाला, तेव्हा जगभरच्या शेकडो मॅपरांनी ताज्या उपग्रहचित्रांवरून पोर्तो-प्रिन्सचे रस्ते काही दिवसांत रेखाटले. त्याच वर्षी ह्युमॅनिटेरियन ओपनस्ट्रीटमॅप टीमची संस्था म्हणून नोंदणी झाली. २०१४ मध्ये अमेरिकन आणि ब्रिटिश रेड क्रॉस तसेच डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स यांच्यासोबत तिने मिसिंग मॅप्स ही मोहीम उभी केली. कामाची पद्धत ठरलेली आहे: टास्किंग मॅनेजर या कामवाटपाच्या संकेतस्थळावर प्रदेशाचे चौकोन पाडले जातात, दूरचे स्वयंसेवक चित्रांवरून घरे-रस्ते काढतात, अनुभवी लोक ते तपासतात आणि नंतर स्थानिक लोक नावे, शाळा, पाण्याची ठिकाणे भरतात.

या क्रमातच ताणाचे मूळ आहे. स्थानिक माणूस शेवटी येतो. तो येईपर्यंत रस्त्यांचे वर्ग ठरलेले असतात, वस्त्यांच्या सीमा आखलेल्या असतात, आणि त्याच्यासमोर भरायला रिकाम्या जागा ठेवल्यासारखा नकाशा येतो. कोणता प्रदेश आधी घ्यायचा हे बहुधा मोहिमेचा निधी आणि मदत संस्थेची गरज ठरवते. पुराचा धोका असलेली वस्ती घेतली जाते. तिच्या शेजारची, जिथे धोका नाही पण रस्त्यांची नावेही नाहीत, ती राहून जाते. वरून दिसणाऱ्या गोष्टींची मर्यादाही येथे ठळक होते. २०१३ मध्ये फिलिपिन्समधील हैयान वादळानंतर स्वयंसेवकांनी चित्रांवरून पडझड झालेल्या इमारती टिपल्या, त्यांचा प्रत्यक्ष पाहणीशी नीट मेळ बसला नाही. छप्पर जागेवर दिसले तरी खालच्या भिंती गेलेल्या असतात.

उलट बाजू तितकीच महत्त्वाची आहे. ही व्यवस्था पैसा, प्रशिक्षण, उपकरणे आणि काम करण्याचे निमित्त देते, आणि एकट्या गटाला दोन वर्षे लागतील असे काम दोन आठवड्यांत उरकते. टांझानियातील दार-एस-सलाममध्ये २०१५ पासून चाललेल्या रमानी हुरिया प्रकल्पात विद्यापीठातील विद्यार्थी आणि वस्तीतील रहिवासी एकत्र चालून पुराच्या भागातील नाले आणि गटारे नोंदवत गेले. कोणत्याही उपग्रहचित्रात गटार तुंबलेले दिसत नाही. तिथे बाहेरचा निधी होता आणि चालणारे पाय गावातलेच होते.

नेपाळचे उदाहरण निवड करणाऱ्याने सर्वांत बारकाईने पाहावे. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर जगभरातून हजारो लोक नेपाळचा नकाशा काढू लागले, पण काय हवे, कुठले हवे आणि आलेले कोणापर्यंत पोहोचवायचे हे सांगायला काठमांडू लिव्हिंग लॅब्ज हा स्थानिक गट आधीपासून उभा होता. भूकंपाच्या कित्येक महिने आधी त्यांनी शाळा आणि रुग्णालये पायी फिरून नोंदवली होती, विद्यार्थ्यांना शिकवले होते, सरकारी खात्यांत ओळखी करून ठेवल्या होत्या. त्यामुळे बाहेरून आलेली मदत त्यांच्या आखणीत बसली. जिथे असा गट आधीपासून नसतो, तिथे आखणी बाहेरून येते आणि मोहीम संपली की नकाशा जिथे होता तिथे गोठतो. नैरोबीतील किबेरा ही विशाल वस्ती २००९ पर्यंत नकाशांवर जवळजवळ कोरी होती. तिथल्या तरुणांनी जीपीएस घेऊन ती भरली, आणि त्या कामातही नकाशा अद्ययावत कोण ठेवणार, त्याला वेळ आणि पैसा कुठून येणार, हे प्रश्न रेखाटनापेक्षा अवघड ठरले.

सुधारणा झाल्या आहेत, हे नोंदवायला हवे. संघटित संपादनासाठी फाउंडेशनने २०१८ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली; मोठी मोहीम सुरू करण्यापूर्वी तिची माहिती जाहीर करावी, संपर्काचा माणूस द्यावा आणि स्थानिकांशी बोलावे, अशी अपेक्षा त्यात आहे. ह्युमॅनिटेरियन ओपनस्ट्रीटमॅप टीमने पुढे प्रादेशिक केंद्रे उभी करून काही निर्णय खाली नेले. प्रादेशिक केंद्र म्हणजे गावच्या जवळचे केंद्र असे मात्र लगेच धरून चालू नये.

बाहेर पडण्याच्या दृष्टीने ही व्यवस्था सुरक्षित आहे, कारण रेखाटलेले सर्व काही ओपनस्ट्रीटमॅपमध्येच जाते. मोहीम बंद पडली तरी नकाशा राहतो. मोहिमेसोबत जातात ती मानधने, गाड्या आणि संगणक. त्यांच्यावर उभा राहिलेला गट त्यांच्याबरोबर बसतो.

कंपनीचा नकाशा

वेझची सुरुवात इस्रायलमधील एका स्वयंसेवी नकाशातून झाली, २००८ मध्ये कंपनी झाली आणि जून २०१३ मध्ये गूगलने ती विकत घेतली. तिचा संपादकवर्ग आजही मोठ्या प्रमाणात स्वयंसेवी आहे आणि त्यात पायऱ्या आहेत. नवा संपादक ज्या रस्त्यांवरून स्वतः गाडी चालवली त्यांच्या आसपासच बदल करू शकतो. संपादने वाढत जातात तशी त्याची पातळी चढते, आणि महत्त्वाच्या रस्त्यांना वरच्या पातळीचे कुलूप असते. त्यावर क्षेत्र सांभाळणारे, त्यावर देश सांभाळणारे.

या रचनेचे गुण मान्य करण्यात मला संकोच वाटत नाही. जो नवा संपादक त्या रस्त्याच्या आसपास गेलाच नाही त्याला तो बदलता येत नाही, ही अट स्थानिक ज्ञानाला जितके मोल देते तितके ओपनस्ट्रीटमॅपचा कोणताही नियम देत नाही. आज बदललेला एकेरी मार्ग थोड्याच काळात हजारो चालकांच्या फोनमध्ये दिसतो, आणि आपल्या कामाचा असा उपयोग पाहणे ही स्वयंसेवकासाठी लहान गोष्ट नाही. कुलूप उघडायला वरच्या पातळीचा संपादक लागतो, पण तो बहुधा त्याच देशातला, तीच भाषा बोलणारा असतो.

अडचण वरच्या टोकाला आहे. पायऱ्या कितीही असल्या तरी शेवटची पायरी कंपनीची, आणि तिथे मतपेटी नसते. गूगलच्याच मॅप मेकरचा इतिहास पाहावा. २००८ मध्ये सुरू झालेल्या या सेवेत अनेक देशांतील स्वयंसेवकांनी रस्ते, गावे आणि दुकाने भरली. २०१५ मध्ये एका वापरकर्त्याने पाकिस्तानात रावळपिंडीजवळ एक खोडसाळ चित्र नकाशात घुसवले. परिणामी मे महिन्यात सेवा सर्व जगासाठी थांबवली गेली. ऑगस्टमध्ये ती प्रादेशिक प्रमुखांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने परतली आणि ३१ मार्च २०१७ रोजी कायमची बंद झाली. स्वयंसेवकांचे काम गूगल मॅप्समध्ये राहिले, म्हणजे वाया गेले नाही. पण ते ज्यांनी केले त्यांना त्याची प्रत मागण्याचा हक्क नव्हता आणि बंदीच्या निर्णयावर अपील करण्याची जागाही नव्हती.

जाता जाता एक गोष्ट. डिसेंबर २०२२ मध्ये अ‍ॅमेझॉन, मेटा, मायक्रोसॉफ्ट आणि टॉमटॉम यांनी ओव्हर्चर मॅप्स फाउंडेशन स्थापन केले. त्याचा डेटा खुला आहे आणि त्यात ओपनस्ट्रीटमॅपचाही वापर होतो, त्यामुळे तुमच्या गटाचे काम तिथे पोहोचेलच. कारभार मात्र सदस्य संस्थांचा आहे. डेटा खुला असणे आणि कारभार खुला असणे या दोन गोष्टी वेगळ्या असतात, याचे हे चांगले उदाहरण आहे.

एकच वाद, तीन दारे

समजा, तुमच्या भागातील एका रस्त्याचे सर्वांच्या तोंडी असलेले नाव कोणीतरी दूरच्याने बदलून कागदोपत्री नाव टाकले.

ओपनस्ट्रीटमॅपमध्ये तुम्ही इतिहास उघडता, चेंजसेट शोधता आणि त्याखाली लिहिता; पाटीचे छायाचित्र जोडता आले तर उत्तम. उत्तर आले नाही तर स्वतः जुने नाव परत आणता आणि कागदोपत्री नाव अधिकृत नावाच्या वेगळ्या टॅगमध्ये ठेवता, कारण तीही माहिती खोटी नसते. पुन्हा बदलले तर देशाच्या समुदायासमोर मांडता, त्यानंतर डेटा वर्किंग ग्रुपकडे. यात आठवडे जाऊ शकतात, इंग्रजी लिहिता येणाऱ्याला उघड फायदा मिळतो, आणि चिकाटी कमी असलेला बरोबर असूनही हरू शकतो. या व्यवस्थेची माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी उणीव हीच आहे.

मदत मोहिमेत असाल तर मार्ग तोच, पण त्याआधी मोहिमेच्या व्यवस्थापकाला एक निरोप पुरतो. सूचनांमध्ये एक वाक्य घातले की पुढचे शंभर स्वयंसेवक ती चूक करत नाहीत. व्यवस्थापक ऐकणारा असेल तर तिन्हींतला हा सर्वांत जलद उपाय आहे. नसेल तर तोच माणूस अडसर होतो.

वेझमध्ये रस्ता तुमच्या पातळीच्या कुलपात असेल तर काम मिनिटाभराचे, नसेल तर वरच्या संपादकाकडे विनंती करायची. तो सहसा लवकर पाहतो. नावांच्या लेखनाचा देशपातळीवरचा संकेतच तुमच्या विरुद्ध असेल, तर वरिष्ठ संपादकांना पटवणे एवढाच मार्ग उरतो. तेही नाही म्हणाले, तर विषय तिथे संपतो.

अधिकृत शाखा घ्यावी का?

ओपनस्ट्रीटमॅपची वाट धरणाऱ्या गटासमोर हा उपप्रश्न लवकरच येतो. जर्मनीत फॉसगिस, इटलीत विकिमीडिया इटालिया अशा आधीच्या संस्थांनी फाउंडेशनशी करार करून शाखेचे काम अंगावर घेतले आहे. शाखेला नाव वापरण्याचा हक्क आणि सल्लागार मंडळावर एक प्रतिनिधी मिळतो. बदल्यात खुले सदस्यत्व आणि लोकशाही कारभार दाखवावा लागतो. नकाशावर तिचा कोणताही विशेषाधिकार नसतो. शाखेचा अध्यक्ष आणि काल आलेला मॅपर संपादनात समान असतात, आणि ते तसेच असावे.

सरकारी खात्याकडून डेटा मागायचा असेल, देणग्या स्वीकारायच्या असतील किंवा परिषद भरवायची असेल, तर नोंदणीकृत संस्था लागते. दर महिन्याला भेटून पायी फिरणाऱ्या आठ-दहा जणांना ती लागत नाही. हिशेब, लेखापरीक्षण आणि वार्षिक सभा यांत सर्वांत उत्साही दोन मॅपरांचा नकाशासाठीचा वेळ जातो, हे मी जवळून पाहिले आहे. आधी दोन-तीन वर्षे नुसता गट टिकवावा.

निवड

तुमच्या गटाला आपल्या भागाचा दीर्घकाळ टिकणारा नकाशा हवा असेल आणि वाद घालण्याइतका वेळ असेल, तर ओपनस्ट्रीटमॅपमध्ये स्वतंत्रपणे काम करावे. माझा कल इकडेच आहे आणि तो लपवण्याचे कारण नाही. पहिल्या महिन्यातच स्थानिक संकेतांचे एक पान विकीवर लिहावे: कच्च्या रस्त्यांचे वर्ग, नावांची भाषा, वस्त्यांचे प्रकार. वादाच्या वेळी ‘आम्हाला असे वाटते’ यापेक्षा ‘आमच्याकडे असे ठरले आहे, हे पाहा’ याला वजन असते. मॅपिंगचे ४२ दिवस भरले की सदस्यत्वाचा अर्जही करून टाकावा.

मदत मोहीम दारात आली असेल तर तिला नाकारू नये, पण गट आधी उभा करावा आणि मोहीम नंतर घ्यावी. बोलणी करताना तीन गोष्टी लेखी मागाव्यात: सूचनांचा मसुदा स्थानिकांनी पाहिल्याशिवाय चौकोन खुले होणार नाहीत, तपासनीसांत स्थानिक लोक असतील, आणि मोहिमेनंतर उपकरणे गटाकडे राहतील. तिसऱ्या मागणीवर अनेकदा नकार येतो. पहिल्या दोन्हींवर नकार आला, तर तुम्हाला सहभागी म्हणून बोलावलेले नाही हे समजून घ्यावे.

वाहतूक एवढाच विषय असेल, रोजच्या चालकांना आजच्या आज फायदा व्हावा असे वाटत असेल आणि पाच वर्षांनी नकाशा कोणाच्या नावावर असेल याची फिकीर नसेल, तर वेझमध्ये जाण्यात काही गैर नाही. पादचारी, नाले, पाणवठे, अपंगांसाठीचे उतार यांपैकी काहीही तुमच्या यादीत असेल, तर ती जागा तुमची नाही.

दोन्हीकडे काम करणारेही आहेत. त्यांनी एक शिस्त पाळावी. कंपनीच्या नकाशात पाहून ओपनस्ट्रीटमॅपमध्ये काहीही उतरवता येत नाही. तसे केल्याचे आढळले तर नोंदी काढून टाकल्या जातात, आणि तुम्ही स्वतः भरलेले नावही तिथून परत घेता येईल असे गृहीत धरता येत नाही. म्हणून पायी फिरताना केलेल्या नोंदींची वही, जीपीएसचे ट्रॅक आणि पाट्यांची छायाचित्रे आधी गटाच्या स्वतःच्या साठ्यात तारीखवार ठेवावीत आणि मगच कोणत्याही नकाशात भरावीत. त्या साठ्याच्या दोन प्रती असाव्यात, आणि त्या दोघांच्या घरी वेगवेगळ्या ठेवाव्यात.